हेक्टोरीना ऊर्फ घोडी

आमच्या लुईस बेटावर माणसाला दोन नावं असतात. एक पाद्री पाणी शिंपडून ठेवतो. ते लग्नाला आणि थडग्यावर कामाला येतं. दुसरं गाव ठेवतं, आणि ते कुणाच्या बापाला पुसता येत नाही. एकदा कुणी 'बेडूक' झाला की त्याची बायको बेडकाची, पोरं बेडकाची आणि कुत्रंसुद्धा बेडकाचंच. वर त्या नावावर चिडायची सोय नाही. चिडलात की खिळा ठोकला गेला म्हणून समजा.

ग्रिमसाल गावच्या हेक्टोरीनाला गाव 'घोडी' म्हणायचं. तोंडावर म्हणायचं हो! दुकानात, चर्चच्या दारात, मयताला, बारशाला. "घोडे, दूध आहे का गं जास्तीचं?" असं. वाईट हेतूनं म्हणत नसत सगळे. अर्ध्यांना तर तिचं खरं नाव ठाऊकच नव्हतं.

खरं नाव तिच्या बापाचं. हेक्टरला मुलगा झाला नाही, आणि आमच्याकडे तसं झालं की बापाच्याच नावाला शेपूट लावून ते मुलीच्या गळ्यात घालतात. पोर शाळकरी असतानाच हेक्टर मासेमारीच्या बोटीसकट समुद्रात गेला. ना अंग सापडलं ना टोपी. घरात त्याचं म्हणून जे काही उरलं ते मुलीच्या नावात. ते नाव एका माणसानं एका उन्हाळ्यात पुसून टाकलं, आणि तेही स्वतःची लाज झाकायला. हे हेक्टोरीना एक दिवसही विसरली नाही. तिनं दूध काढलं, जळणाची माती कापली, लेकरू वाढवलं, नवरा पुरला, पण विसरली नाही.

तो माणूस टोर्कल. पुढं चर्चचा पंच झाला, गावच्या चराऊ कुरणांचा प्रमुख, आणि आवाज असा की भिंती भरून जाव्यात. आमच्या चर्चमध्ये पेटी-बाजा काही नसतो. एक जण स्तोत्राची ओळ सांगतो, बाकीचे ती उचलतात. ओळ सांगायचा मान टोर्कलचा. पण हे सगळं नंतरचं. हेक्टोरीना एकोणीस वर्षांची होती तेव्हा टोर्कल नुकताच व्यापारी जहाजावरून परत आलेला, पिवळे बूट घालून हिंडणारा देखणा पोरगा होता. तिच्या मनात भरला होता. आता लपवून काय करायचं!

तेव्हा उन्हाळा आला की बायका-पोरी गुरं घेऊन माळ ओलांडून उन्हाळी झोपड्यांवर जात. वाटेत दोन ओहोळ आणि मग काळी नदी. पूल नाही, उतार आहे. उतार म्हणजे पाण्यातून चालत जायची जागा, आणि त्यात मधोमध एक मोठा धोंडा. त्या दिवशी रात्रभर पाऊस पडून गेलेला. सगळे पलीकडे गेले, चढ चढून दिसेनासे झाले. मागे राहिली हेक्टोरीना, कारण एक वासरू अडलं होतं. आणि टोर्कल, कारण पिवळे बूट.

बूट गळ्यात अडकवून तो निघाला खरा, पण धोंड्यापाशी पोचला आणि पुढं सरकेना. धोंड्याला मिठी मारून बसला. डोळे मिटले आणि आईच्या नावानं हंबरडा फोडला. दर्यावर दोन वर्षं काढलेला गडी, कमरेएवढ्या पाण्यात! हेक्टोरीना गेली, पाठ वाकवली, म्हणाली, "बस." जळणाच्या मातीनं भरलेल्या टोपल्या वाहून तिची पाठ लोखंडासारखी झालेली. तो पाठीवर चढला आणि तिच्या मानेत तोंड खुपसून रडत म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. तुझ्या पाया पडतो, हेक्टोरीना."

"नाही सांगणार," ती म्हणाली. तिला वाटलं, एवढं गुपित दोघांत राहिलं म्हणजे आता काहीतरी जुळलंच. वेडी पोर!

ती काठाला लागते तोवर, ही दोघं का अडली ते बघायला पुढची माणसं चढावरून परत आली होती. त्यांना पाहिल्याबरोबर टोर्कल पाठीवरून उतरला, डोळे पुसले, आणि तिच्या मागच्या बाजूवर चापट मारून ओरडला, "हुर्र! काय घोडी आहे रे! पट्ठ्याला अलगद पार आणला! कुणाला भाड्यानं हवी का?"

सगळे हसले. आणि हेक्टोरीनाही हसली. शब्द दिला होता ना! कमरेपर्यंत निथळत, घागरा पायांना चिकटलेला, ती हसली. तिथंच तिचं चुकलं. त्यानंतर ती खरी गोष्ट सांगायला गेली असती तर लोक म्हणाले असते, घोडी लाथा मारायला लागली.

गरज सरो, वैद्य मरो. टोर्कलनं पुढच्या वर्षी एलसेटशी लग्न केलं. एलसेट नाजूक, शिकलेली, शेजारच्या गावची. हेक्टोरीनाला मागणीच येईना. "घोडीला लगाम कोण घालणार?" हा गावचा विनोद. शेवटी फिनले नावाच्या विणकरानं तिला पत्करलं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर मागावर लोकर विणणारा, अबोल, चांगला माणूस. तो एकटाच तिला पूर्ण नावानं हाक मारायचा, पण तोही लवकर गेला. मुलगा झाला, तो 'शिंगरू'. शाळेत शिंगरू, बोटीवर शिंगरू. मुलानं तिला कधी बोल लावला नाही, हे तिला जास्त लागायचं.

झोपड्यांवर राहायला जाणं पुढं बंद पडलं, पण वाट कुणी सोडली नाही. दर जुलैत, गवत कापायच्या आधी, सगळं गाव मिळून त्या माळावरून चालत जुन्या झोपड्यांपाशी जातं. तिथं चहा होतो, मनुका घालून कापडात उकडलेला मोठा गोळा कापला जातो, आणि संध्याकाळी परत. नदीच्या उतारावर पहिली उतरायची ती हेक्टोरीना. काठी रोवून धोंड्याच्या वरच्या अंगाला उभी राहायची, आणि एकेक जण तिच्या आडोशानं पार व्हायचा. म्हाताऱ्या, पोरं, शहरातून आलेले जावई, सगळे. टोर्कल सगळ्यांत शेवटी. गाव म्हणायचं, बघा पंच कसा, सगळ्यांना पुढं घालून मग स्वतः येतो. आणि गाव चहाची लाकडं पेटवायला चढावर गेलं की टोर्कल हेक्टोरीनाच्या दंडाला दोन्ही हातांनी धरायचा, डोळे घट्ट मिटायचा आणि पुटपुटायचा, "चल, घोडे. चल लवकर."

जाताना तसं, येताना तसं. इतकी वर्षं! आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही तिनं. तुम्ही म्हणाल, ही काय देवमाणूस होती? छे हो. दर वर्षी धोंड्यापाशी तिच्या मनात यायचं, दंड झटकावा. दर वर्षी तिला वाटायचं, आज नको.

मग एका वर्षी, चालायच्या दिवसाआधीच्या आठवड्यात, ती सहा वर्षांच्या नातीला, ईशबेलला, घेऊन दुकानात गेली. टोर्कल तिथं चार जणांत बसलेला. त्यानं साखरेचा खडा काढला, तळहात सपाट पसरला, घोड्यासमोर धरतात तसा, आणि म्हणाला, "ये ये, शिंगराचं शिंगरू! घे!"

पोरीनं हसत हसत तळहातावरचा खडा तोंडानंच उचलला. तिला काय कळतंय! चौघं पोट धरून हसले. पोरही खूश, आपण काहीतरी छान केलं म्हणून.

हेक्टोरीनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणीस वर्षांची ती तशीच हसली होती, निथळत. ती नातीला शेजारी खेळायला सोडून घरी आली, दार लावलं आणि टेबलावर मूठ आपटली. आपल्यावर आलं ते सोसलं. मुलावर आलं तेही गिळलं. पण ही तिसरी पिढी त्या भेकडाच्या हातची साखर खाणार? "थांब टोर्कल," ती मोठ्यानं म्हणाली. घरात तेव्हा मांजराशिवाय कुणी नव्हतं. "तुला आता नदीच दाखवते."

चालायच्या दिवशी ऊन चांगलं होतं, वाऱ्यामुळं चिलटं कमी. आदल्या दोन दिवसांच्या पावसानं काळी नदी मात्र भरून चाललेली. ओहोळ सगळ्यांनी हसत-खिदळत ओलांडले. वाटेत टोर्कल दोनदा तिच्या जवळ आला. "पाणी कसं आहे गं, घोडे, पुढं?"

"ओलं आहे," ती म्हणाली.

उतारावर तिनं नेहमीसारखी काठी रोवली. पाणी मांड्यांना लागत होतं. एकेक करून सगळं गाव पार झालं. एलसेट, टोर्कलची बायको, गोळ्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन आली तेव्हा हेक्टोरीनानं तिचा हात जरा जास्तच सांभाळून धरला. तिच्याशी काही वाकडं नव्हतं. शेवटी अलीकडं राहिला एकटा टोर्कल. त्यानं बूट काढून गळ्यात अडकवले आणि वाट पाहत उभा राहिला.

हेक्टोरीनानं काठी उपटली. पाठ फिरवली. पैलतीरावर चढली, मोजे पिळून दगडावर वाळत घातले, चहाचा मग भरून घेतला आणि नदीकडं तोंड करून बसली.

आता गंमत अशी, की पंचानं प्रार्थना म्हटल्याशिवाय आमच्याकडे घास तोंडात जात नाही. पाद्री सुट्टीवर मुख्य भूमीला गेलेला. पंच नदीच्या पलीकडं. ओट्सच्या भाकऱ्या मांडलेल्या, खारवलेला मासा मांडलेला, गोळ्यातून वाफ निघतेय, आणि सगळं गाव टोर्कलकडं बघतंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"या की, काका!" कुणीतरी ओरडलं.

"येतो, येतो! एक मेंढी दिसली मला तिकडं, पाय मोडलेली!" टोर्कल मेंढी शोधायला गेला. मेंढी नव्हती. परत आला. बूट घातले, पुन्हा काढले. पँट गुडघ्याच्या वर सरकवली, पुन्हा खाली केली.

"मी येऊ का न्यायला?" गावचा एक तरणा पोरगा, केनेट, उठला.

"काही नको! मी काय म्हातारा झालोय?" टोर्कल भडकला. मग त्याला युक्ती सुचली. तो ओरडला, "तुम्ही सुरू करा! मी इथूनच प्रार्थना म्हणतो!" आणि खरंच टोपी काढून तिथूनच सुरू झाला. पण प्रार्थना काही ओरडून म्हणत नाहीत, आणि नदी केवढी गरजत होती! ओठ हलताना दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. आमेन कुठं म्हणायचं ते कुणालाच कळेना. पोरं फिस्सकन हसली. एक म्हातारी म्हणाली, "देवाला तरी पोचतंय का, कोण जाणे."

ते हसू टोर्कलनं पाहिलं. हसू त्याला नेहमी दुसऱ्यावर चाललेलं आवडायचं. तो तिरीमिरीत पाण्यात घुसला. आठ-दहा पावलं चांगला आला. धोंडा आला, आणि धोंड्यावर त्याचे हात टेकले ते टेकलेच. त्यानं धोंड्याला मिठी मारली.

सगळं गाव उठून काठावर आलं. हेक्टोरीना बसूनच राहिली. तिनं चहाचा मग तोंडाला लावला. सुखानं. हो, सुखानंच! इतका गोड चहा ती आयुष्यात प्यायली नव्हती.

"घोडे!" टोर्कल किंचाळला. "ए घोडे!"

"घोडी?" हेक्टोरीनानं इकडंतिकडं पाहिलं. "इथं कुठली घोडी? कुरणात असेल बाबा. हाक मार तिला."

कुणी हसलं नाही. केनेट पाण्यात पाय घालणार तोच एलसेटनं त्याची बाही धरली. "तू थांब," ती म्हणाली. "तुला हाक मारलीय का त्यानं?"

बायकोनं त्याला अडवलेलं टोर्कलनं पाहिलं असावं. तो ओक्साबोक्शी रडायला लागला. "घोडे, मी पडतोय गं! माझ्या हाताला मुंग्या आल्यात!"

"नाव घे," हेक्टोरीना जागेवरूनच ओरडली.

"कुणाचं?"

"माझं. बापानं ठेवलेलं."

मग तो ओरडला, "हेक्टोरीना! हेक्टरच्या हेक्टोरीना!"

भिंती भरणारा आवाज तो. माळभर गेला. ईशबेलनं आजीचा पदर ओढावा तसा तिचा कोट ओढला आणि विचारलं, "आजी, ही हेक्टोरीना कोण?"

हेक्टोरीनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. घरातल्या पोरीला आपलं नाव माहीत नाही! होती नव्हती ती दया तिथंच सुकली. ती उठली, काठी घेतली आणि पाण्यात उतरली. धोंड्यापाशी गेली, पण हात पुढं केला नाही.

"टोर्कल," ती म्हणाली, "चर्चमध्ये तू ओळ सांगतोस, आम्ही उचलतो. आज मी सांगते, तू उचल. मोठ्यानं. त्या काठावरच्यांना ऐकू गेलं पाहिजे. म्हण, मी इथं भ्यालो होतो."

"मला आधी पलीकडं..."

"मी इथं भ्यालो होतो."

"मी इथं भ्यालो होतो!" टोर्कल ओरडला.

"मी आईच्या नावानं रडलो."

"मी आईच्या नावानं रडलो!"

"हेक्टरच्या हेक्टोरीनानं मला पाठीवर घेतलं. कुणाला सांगणार नाही म्हणाली, आणि सांगितलंही नाही."

तो सगळं म्हणाला. शब्द ना शब्द.

"आणि मी तिला घोडी केलं, माझी लाज झाकायला."

यावर तो थांबला. खाली मान घातली. पाणी त्याच्या मांड्यांवर आपटत होतं. हेक्टोरीनानं घाई केली नाही. तिला उशीर झाला तो होऊनच गेला होता. शेवटी तो म्हणाला, आणि असा म्हणाला की पैलतीरावरच्या बहिऱ्या म्हातारीनंही "काय बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला.

"बस," हेक्टोरीनानं पाठ वाकवली. साठी उलटलेली बाई, पण तो वयानं वाळून काटकी झालेला. तो पाठीवर चढला, मानेला मिठी मारली आणि डोळे मिटले. हुंदके देत म्हणत होता, "देव तुझं भलं करो, हेक्टोरीना, देव तुझं भलं करो." ती सावकाश, पाय चाचपत चालली. पाणी मांडीचं गुडघ्याला आलं, गुडघ्याचं घोट्याला आलं. तिनं त्याला खाली ठेवलं.

त्यानं डोळे उघडले. समोर नदी, नदीपलीकडं गाव, आणि गावाच्या मधोमध वाफाळता गोळा. ती त्याला परत अलीकडंच घेऊन आली होती.

"अगं, हे काय!"

"घरची वाट तुला माहीत आहे," ती म्हणाली. "पुढं दोन ओहोळ आहेत, घोट्याएवढे. त्यांनाही भ्यालास तर आम्ही परत येईपर्यंत तिथं बस आणि मग शिंगराला हाक मार. त्याचं नाव अलेक आहे. नावानं मारलीस तर येईल."

"आणि प्रार्थना? प्रार्थना कोण म्हणणार? लोक उपाशी आहेत!"

"त्याची काळजी तू करू नकोस."

ती एकटी नदी पार करून आली. भाकऱ्यांपाशी जाऊन तिनं डोक्यावरची टोपी काढली. आमच्या चर्चमध्ये बाईनं प्रार्थना सांगितल्याचं कुणाच्या आज्यानं ऐकलं नव्हतं. दोन-चार म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. हेक्टोरीनानं डोळे मिटले आणि म्हणाली, "देवा, अन्नाबद्दल तुझे आभार. आणि आजच्या दिवसाबद्दल."

मग सगळ्यांच्या आधी, खणखणीत आवाजात, एलसेट म्हणाली, "आमेन." सुरी घेतली आणि गोळा कापायला बसली. पहिला तुकडा हेक्टोरीनाला दिला. मग सगळे तुटून पडले. पलीकडं टोर्कल बराच वेळ उभा होता. नंतर पाहिलं तर नव्हता.

पुढं त्याला गावानं काय नाव ठेवलं ते मी सांगत नाही, त्याची नातवंडं आहेत. चिडला तो, आणि मग काय व्हायचं ते झालं. ओळ सांगणं त्यानं सोडलं. म्हणे घसा बसला. हेक्टोरीनाला माणसं नावानं हाक मारायला लागली, आधी अडखळत, मग सरावानं. ईशबेलला शाळेत कुणी शिंगरू म्हणालं नाही. हेक्टोरीनाच्या पोटातला जाळ मात्र विझला नाही. रस्त्यात टोर्कल दिसला की ती थांबायची, सरळ त्याच्याकडं पाहायची, आणि तो मान खाली घालून पलीकडच्या कडेनं जायचा. तिला ते आवडायचं. तिनं कधी नाकारलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात टोर्कल गेला. आमच्याकडे तिरडी पुरुष वाहतात, आळीपाळीनं, कबरस्तानापर्यंत चालत. बायका घरी थांबतात आणि चहा करतात. हेक्टोरीना चहा करायला गेली. नाही कशी जाणार? शेजारधर्म आहे.

बाहेर पुरुषांनी तिरडी खांद्यावर घेतली. एलसेट खिडकीपाशी उभी होती, कोरड्या डोळ्यांनी. हेक्टोरीना कप पुसत होती.

"हेक्टोरीना," एलसेटनं खिडकीपाशी उभ्या उभ्याच विचारलं, "माफ केलंस का गं त्याला?"

हेक्टोरीनानं कप खाली ठेवला. मेल्या माणसाच्या घरात खोटं बोलावं असं तिला क्षणभर वाटलं.

"नाही," ती म्हणाली.

एलसेटनं मान हलवली. तिरडी वळणापलीकडं दिसेनाशी झाली तशी ती वळली आणि हेक्टोरीनाच्या शेजारी येऊन बसली.

"मीपण नाही," ती म्हणाली. "तुला निदान त्यानं काहीतरी नाव तरी दिलं. मला जन्मभर नुसतं 'ए' म्हणायचा."